शेतकरी ‘दिन’ की ‘दीन’? अर्ज, बॅनर आणि व्हॉट्सॲपवर होणाऱ्या या चुका टाळा

दरवर्षी २३ डिसेंबरला, माजी पंतप्रधान चौधरी चरणसिंग यांच्या जयंतीच्या दिवशी, देशभर शेतकरी दिन पाळला जातो. एका वर्षी आमच्या बातमीचा मथळा गेला, ‘तालुक्यात शेतकरी दीन उत्साहात साजरा’. अर्ध्या तासात एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. म्हणाले, “भाऊ, शेतकरी दीन आहे हे आम्हाला ठाऊकच आहे. पण त्यात उत्साह कसला?”

दिन म्हणजे दिवस. दीन म्हणजे गरीब, लाचार. चूक आमची होती. मथळा दुरुस्त केला, गुरुजींची माफी मागितली. पण त्या फोननंतर एक गोष्ट डोक्यात राहिली. बातमीत किंवा बॅनरवर अशी चूक झाली तर लोक हसतात आणि विसरतात. तीच चूक तहसीलच्या अर्जात झाली, तर चकरा मारायची वेळ आपल्यावर येते. म्हणून आज लिहिण्यातल्या नेहमीच्या चुका बघू. सगळे नियम पाठ करायची गरज नाही. ज्या चुकीने अर्थ बदलतो किंवा कागद अडकतो, ती आधी सुधारायची. बाकीचं हळूहळू.

आधी एक गैरसमज काढू: आपली बोली म्हणजे चूक नाही

‘माझं’ऐवजी ‘मना’, ‘मला’ऐवजी ‘माले’, ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हटलं की शहरातले काही लोक हसतात. हसू द्या. अहिराणीला तिचं स्वतःचं व्याकरण आहे. ‘माले, तुले, त्याले’ हे सगळं एकाच नियमानं चालतं. ग्रियर्सन यांनी इंग्रजांच्या काळात भारतातल्या भाषांची पाहणी केली, तिच्या १९०७ मध्ये निघालेल्या खंडात खानदेशी बोलीची वेगळी नोंद आणि व्याकरण दिलेलं आहे.

बहिणाबाई चौधरींचंच बघा. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० मध्ये जन्म. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचायच्या, घरातली मंडळी ती उतरवून घ्यायची. १९५१ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या पश्चात, १९५२ मध्ये, मुलगा सोपानदेव यांच्यामुळे ती गाणी पुस्तकरूपानं आली, आचार्य अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली. त्या गाण्यांत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. त्याला कोणी चूक म्हणत नाही. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

तेव्हा घरी, शेतात, गाण्यात, ग्रुपवर बोली खुशाल वापरा. पण अर्ज, ठराव, तक्रार आणि बातमी हे वेगळं काम आहे. तो कागद नागपूरचा किंवा कोल्हापूरचा अधिकारीही वाचणार असतो. त्याला एकच अर्थ लागला पाहिजे, एवढ्यासाठी प्रमाण मराठी.

एका अक्षरात अर्थ बदलतो

आपल्याकडे बोलताना ‘ण’चा ‘न’ होतो. त्यात फोनचा कीबोर्ड हिंदीवर असला की तोही ‘पानी’च सुचवतो. बहुतेक वेळा वाचणारा समजून घेतो. पण काही जोड्या अशा आहेत की अर्थच पालटतो.

तण म्हणजे शेतातलं गवत. तन म्हणजे शरीर. ‘तननाशक फवारले’ असं लिहिलं तर शरीराचा नाश करणारं औषध फवारलं असं होतं.

सण म्हणजे पोळा, दिवाळी. सन म्हणजे वर्ष. ‘होळीचा सन’ नाही, ‘होळीचा सण’. आणि अर्जात ‘सण २०२३-२४ मध्ये’ नाही, ‘सन २०२३-२४ मध्ये’.

गाळ म्हणजे धरणातला चिखल. गाल तोंडावर असतो. ‘धरणातील गाल काढून मिळावा’ या मागणीचं काय करायचं, हे साहेबांनाही कळणार नाही.

पीक म्हणजे शेतात उभं असतं ते. पिक हा संस्कृत शब्द, त्याचा अर्थ कोकिळा. ‘पिक विमा’ लिहिलं तर खरं म्हणजे कोकिळेचा विमा झाला. बरोबर शब्द ‘पीक विमा’.

शीर म्हणजे रक्तवाहिनी, शिर म्हणजे डोकं. अपघाताच्या बातमीत हा फरक जपावाच लागतो.

दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. सातपुड्यात दऱ्या आहेत, दर्या नाही. तसंच ‘आचार्यांना बोलवा’ म्हटलं तर गुरू येतील, ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटलं तर स्वयंपाकी.

हा ‘ऱ्या’ खेड्यातल्या लिखाणात पावलोपावली लागतो: शेतकऱ्यांना, हरभऱ्याचा, सातबाऱ्यावर, पाचोऱ्यात. फोनवर तो ‘र्या’ किंवा ‘रया’ होऊन बसतो. मराठी कीबोर्डवर ‘ऱ’ हे खाली टिंब असलेलं वेगळं अक्षर असतं. आधी ते घ्या, मग पाय मोडायची खूण, मग ‘या’. आणि मुळात फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्डची भाषा हिंदी असेल तर मराठी करा. बोलून टाईप करत असाल तर तिथलीही भाषा मराठी निवडा. ‘पानी’, ‘दुसर्या’ यांसारख्या चुका तेवढ्यानं बऱ्याच कमी होतील.

पीक, पण पिकाचा: शेतातूनच शिका ह्रस्व-दीर्घ

पहिली वेलांटी की दुसरी, हा सगळ्यांना छळणारा प्रश्न. त्यातले तीन नियम पुरेसे आहेत.

पहिला नियम. शब्दाच्या शेवटी वेलांटी किंवा उकार आला की तो दीर्घ: पाणी, शेती, केळी, गहू, लिंबू. ‘आणि’ हा अपवाद, त्याची वेलांटी पहिली. ‘परंतु’ आणि ‘तथापि’ हेही अपवादच.

दुसरा नियम. शब्दाच्या शेवटच्या अक्षराला काना-मात्रा काहीच नसेल, तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ. पीक, वीज, विहीर, खरीप, ऊस, मूग, तूर, दूध, गूळ. पण पुढे प्रत्यय लागला की तोच ह्रस्व होतो. पिकाचा, विजेचा, विहिरीत, खरिपाची, उसाला, मुगाचा, तुरीचा, दुधाचा, गुळाचा. म्हणून ‘दुध संघ’ चूक, ‘दूध संघ’ बरोबर. ‘विहीरीचे अनुदान’ चूक, ‘विहिरीचे अनुदान’ बरोबर.

याच्या शेजारी आणखी एक घर आहे. कापूस, पाऊस, माणूस. यांना प्रत्यय लागला की उकार निघूनच जातो. कापसाचा भाव, पावसामुळे, माणसाला. ‘कापूसाला भाव नाही’ आणि ‘पाऊसामुळे नुकसान’ हे दरवर्षी वाचायला मिळतं, ते टाळा.

तिसरा नियम. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द दुसऱ्या नियमात बसत नाहीत, ते मूळचेच राहतात. सूचना, पूजा, परीक्षा, शरीर, गुण. फलकावर ‘सुचना’ आणि ‘परिक्षा’ का लिहिलं जातं? कारण आपला कान ‘चुना’, ‘किडा’ या मराठी शब्दांसारखाच हाही शब्द समजतो. पण ‘सूचना’चा ‘सू’ दुसरा आणि ‘परीक्षा’ची वेलांटीही दुसरी. ‘परिस्थिती’त मात्र पहिली वेलांटी पहिलीच.

टिंब एक, फरक मोठा

मराठीत अनेकवचन पुष्कळदा एका टिंबावर उभं असतं. ‘गावात गारपीट’ म्हणजे एका गावात. ‘गावांत गारपीट’ म्हणजे अनेक गावांत. ‘शेतकऱ्याला भरपाई’ म्हणजे एकाला, ‘शेतकऱ्यांना भरपाई’ म्हणजे सगळ्यांना. ग्रामसभेच्या ठरावात हे टिंब राहिलं, तर ठराव कोणासाठी होता यावर वाद घालायला जागा राहते.

आदरही याच टिंबात आहे. ‘सरपंचाने सांगितले’ हे एकेरी झालं, ‘सरपंचांनी सांगितले’ हे आदराचं. अर्जात ‘तलाठी याने’ लिहिलं तर तक्रार खरी असूनही वाचणाऱ्याला ती उर्मट वाटते. ‘तलाठी यांनी’ लिहा. तक्रार तेवढीच कडक राहते. ‘साहेबाना’ नाही, ‘साहेबांना’. ‘मुलानी’ नाही, ‘मुलांनी’.

उलटी चूकही होते. जुनी माणसं ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’ लिहितात. ती अडाणी म्हणून नाही. त्यांच्या शाळेत तसंच शिकवत. मराठी साहित्य महामंडळाने केलेले लेखनाचे १४ नियम राज्य सरकारने १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. या नियमांनी उच्चारात न येणारी अशी टिंबं काढून टाकली. आता ‘नाव’, ‘गाव’, ‘पाच’ लिहायचं. त्याआधी ‘कवि’, ‘गुरु’ असंही लिहीत, आता ‘कवी’, ‘गुरू’. आणि त्याच्याही मागे गेलात, तर मोडीतल्या कागदांत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात असे जुने कागद जपून ठेवले आहेत. तेव्हा आजोबांच्या वहीतली वेलांटी बघून नातवानं शहाणपणा करू नये.

‘असं’, ‘केलं’, ‘झालं’ ही बोलण्यातली रूपं लिहिली तर हरकत नाही, या लेखातही ती आहेत. फक्त वरचं टिंब द्या. ‘अस झाल’ हे ना बोलीत बसतं, ना लेखनात.

जोडून लिहायचं ते तोडू नका

‘घरा समोर’, ‘पावसा मुळे’, ‘अर्जा सोबत’, ‘शेता मध्ये’. फोन शब्द सुचवताना असे तुकडे पाडतो आणि आपण तसेच पाठवतो. समोर, मुळे, सोबत, मध्ये, साठी, पर्यंत हे शब्द आधीच्या शब्दाला चिकटून येतात. घरासमोर, पावसामुळे, अर्जासोबत, शेतामध्ये.

गावांच्या नावांचंही तसंच. ‘धुळे मध्ये’ नाही, ‘धुळ्यात’. चोपड्यात, पारोळ्याला, शिंदखेड्याहून, साक्रीत. अमळनेर, रावेर, शिरपूर यांना सरळ ‘ला’ लावा. शिरपूरला, रावेरला. माणसाचं पूर्ण नाव असेल, तर मात्र ते न मोडता पुढे ‘यांना’, ‘यांचा’ वेगळं लिहायचं.

अर्जातली ही वाक्यं आधी तपासा

या वाक्यांत शब्द शुद्ध असतात, पण अर्थ भलताच निघतो. म्हणून इथे जास्त लक्ष द्या.

एक. ‘मी कामासाठी सुरतला गेलो असता माझ्या पश्चात शेजाऱ्याने बांध कोरला.’ मराठीत ‘पश्चात’ हा शब्द माणूस गेल्यावर वापरतात. निधनाच्या बातमीत ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले’ असं येतं ते यामुळेच. म्हणजे अर्जदार स्वतःच्या मृत्यूनंतर अर्ज करतोय असं झालं. इथे ‘माझ्या गैरहजेरीत’ किंवा आपला साधा शब्द ‘माझ्या माघारी’ वापरा.

दोन. ‘माझ्या अपरोक्ष कागदावर सही घेतली.’ परोक्ष म्हणजे नजरेआड, अपरोक्ष म्हणजे नजरेसमोर. बरेच लोक उलट अर्थानं लिहितात, त्यामुळे वाचणारा दोन्हींपैकी कोणताही अर्थ घेऊ शकतो. सही तुमच्यासमोर झाली की पाठीमागे, हाच तर तक्रारीचा मुद्दा. असा शब्द अर्जात नकोच. ‘मी हजर नसताना सही घेतली’ असं लिहा.

तीन. ‘आपल्या शेताचा पंचनामा करावा.’ घरात ‘आपलं शेत’ म्हणजे आपल्या सगळ्यांचं. पण तहसीलदारांना लिहिलेल्या अर्जात ‘आपले’ म्हणजे त्यांचे. ‘आपल्या कार्यालयात’ बरोबर, कारण कार्यालय त्यांचं. शेत मात्र ‘माझ्या शेताचा पंचनामा करावा’ असंच.

चार. ‘शेजाऱ्याप्रमाणे मला अनुदान मिळाले नाही.’ शेजाऱ्याला मिळालं आणि मला नाही, की दोघांनाही नाही? दोन्ही अर्थ निघतात. अन्याय झाला असेल तर तो दोन वाक्यांत सांगा. ‘शेजारच्या गटातील शेतकऱ्याला अनुदान मिळाले. मला मिळाले नाही.’

पाच. ‘माझी मदत करावी.’ ही हिंदीची नक्कल. मराठीत मदत माणसाला करतात. ‘मला मदत करावी.’

अर्जात वाक्य जितकं छोटं, तितकं बरं. ‘सदरहू’, ‘उपरोक्त’, ‘अन्वये’ असे शब्द अर्थ माहीत असेल तरच घ्या. कोण, कधी, कुठे, किती आणि काय हवं, एवढं साध्या मराठीत आलं की अर्ज पुरा झाला.

नावाच्या बाबतीत व्याकरण नाही, कागद मोठा

इथे सगळा हिशोब उलटा होतो. व्याकरणानं ‘दीपक’, ‘सुनील’, ‘प्रवीण’, ‘पाटील’ बरोबर. पण तुमच्या आधारवर ‘दिपक’, ‘सुनिल’, ‘प्रविण’, ‘पाटिल’ असेल, तर अर्जात ते कागदावर आहे तसंच लिहा. नाव हे त्या माणसाचं, आणि सरकारी कामात ते कागदाशी जुळलं पाहिजे. आपण शुद्ध करायला गेलो आणि आधार, बँक पासबुक आणि सातबारा यांवर तीन वेगळी नावं झाली, तर पैसे अडकतात.

फॉर्म भरून देणाऱ्याला नाव तोंडी सांगू नका, कागद समोर ठेवा. भरून झाल्यावर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. शाळेत मुलाचं नाव घालतानाच हे केलं तर पुढची २० वर्षं सुखाची जातात. सातबाऱ्यावर लिहिण्यातली चूक झाली असेल, तर ती दुरुस्त करायची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ मध्ये आहे. सरकारी भाषेत त्याला ‘लेखनप्रमाद’ म्हणतात. मालकीचा वाद असेल तर हे कलम कामाचं नाही, फक्त लिहिण्यातल्या चुकीसाठी आहे.

बॅनर आणि शोकसंदेश

हे शब्द एकदा नीट बघून ठेवा, बॅनरवाल्यालाही पाठवा.

आशीर्वाद. ‘आर्शिवाद’ नाही. आ-शी-र्-वा-द असा उच्चार करून बघा. ‘र्’ हा ‘वा’च्या आधी येतो, म्हणून रफार ‘वा’वर.

श्रद्धांजली. ‘श्रध्दांजली’ नाही. आधी द, पाय मोडा, मग ध. शुद्ध, प्रसिद्ध, पद्धत, बुद्धी हे सगळे तसेच.

भूमिपूजन. ‘भुमीपुजन’ नाही. एकटी असताना ‘भूमी’, पण जोडशब्दात ‘भूमि’.

उद्घाटन, शुभेच्छा, हार्दिक, कृपया, पूर्ण, पुण्यस्मरण. ‘शुभेच्या’, ‘हार्दीक’, ‘क्रुपया’, ‘पुर्ण’, ‘पूण्यस्मरण’ हे टाळा.

वाढदिवसाच्या बॅनरवर चूक झाली तर आठवड्यात बॅनर उतरतो. पण दारात लागलेली पाटी, देवळाची कोनशिला किंवा स्मारकावरचं नाव पिढ्यान्‌पिढ्या राहतं. ते छापण्याआधी दोघांना वाचायला द्या.

बातम्यांतली एक चूक, आमच्यासकट

‘चोरीच्या प्रकरणात धक्कादायक खुलासा’ असे मथळे सगळीकडे दिसतात, आमच्याकडूनही गेले आहेत. हा हिंदीतला अर्थ. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. एखाद्या कर्मचाऱ्याला नोटीस देतात आणि त्याच्याकडून खुलासा मागवतात, तो हा. चोरीचा होतो तो ‘उलगडा’. इथून पुढे आम्ही हे पाळू. चुकलो तर सांगा.

पाठवायच्या आधी दोन मिनिटं

लिहिलेलं मोठ्यानं वाचा. जिथे अडखळाल तिथे काहीतरी गडबड आहे. ज्याला प्रकरण माहीत नाही अशा माणसाला वाचायला द्या आणि ‘काय समजलं?’ विचारा. नावं आणि गट नंबर कागदाशी जुळवा. अनेकवचनाची आणि आदराची टिंबं बघा. शेवटी तारीख आणि सही.

आणि दुसऱ्याची चूक दिसली तर? ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर टोकू नका. गावात अशा किती तरी बाया-माणसं आहेत, ज्यांच्या अडचणी खऱ्या असतात, पण ‘लिहिलेलं चुकलं तर हसतील’ म्हणून ती लिहीतच नाहीत. त्यांची तक्रार वरपर्यंत पोहोचत नाही. त्यांना खाजगीत सांगा, नाहीतर सरळ म्हणा, ‘तुम्ही सांगा, मी लिहून देतो.’ आमच्या गुरुजींनीही फोनच केला होता, ग्रुपवर टाकलं नव्हतं. म्हणूनच ती दुरुस्ती आमच्या लक्षात राहिली.